विमानतळाच्या दारात मिनिटांचा हिशेब

भाड्याची गाडी हा आपल्या समाजातला एक मोठा धंदा आहे, पण आपण त्याच्याकडे धंदा म्हणून पाहत नाही, अशी आमची जुनी तक्रार आहे. यंत्रमाग, चामडे, जरीकाम, फळांची आडत, भंगार यांच्या भावांची चर्चा आपल्या बैठकींत होते. गाडीवाल्याच्या हिशेबाची होत नाही. 'गाडी चालवतो' एवढे सांगून विषय संपतो. वास्तविक कुर्ला, मुंब्रा, भिवंडीपासून महाड, म्हसळा, श्रीवर्धन, खेड, चिपळूणपर्यंत अशी किती तरी घरे आहेत, की जिथे आखातातून परतलेल्या माणसाने आधी घर बांधले आणि मग उरलेल्या पैशात थोडे कर्ज घालून गाडी घेतली. ती गाडी आज त्या घराची चूल पेटती ठेवते.

या गाड्यांचे सर्वांत भरवशाचे भाडे कोणते, असे विचारले तर बहुतेक गाडीवाले एकच उत्तर देतील: विमानतळाचे. लग्नसराई येते आणि जाते, पावसाळ्यात सहलीची भाडी बसतात, पण विमान बाराही महिने उडते. सत्तरच्या दशकात आखाती नोकरीची वाट खुली झाली. १९८१ साली सहारचे आंतरराष्ट्रीय टर्मिनल सुरू झाले. त्यानंतर कोकणातील अनेक घरांना मुंबईचा दुसरा कोणताही भाग ठाऊक नसला तरी सहार ठाऊक झाले. १९९५ पर्यंत हजचे यात्रेकरू मुंबईहून जहाजानेही जात असत. तो मार्ग बंद झाल्यावर हज असो, उमरा असो की दुबई-कुवेतची नोकरी, सगळी रुखसत विमानतळाच्याच दारात होऊ लागली.

आज आम्ही बोलणार आहोत ते याच दारात गाडीवाल्याच्या खिशातून जाणाऱ्या एका रकमेविषयी. ती रक्कम म्हणजे विमानतळावर गाडी उभी करण्याचे, आणि काही ठिकाणी नुसते दारापर्यंत जाऊन येण्याचे शुल्क. पूर्वी ही किरकोळ बाब होती. आता ती मिनिटांवर मोजली जाते आणि एका फेरीच्या नफ्यातला मोठा घास घेते. ही रक्कम ठरवते कोण, ती जाते कुठे आणि तिचा भार कोणी उचलायचा, हे प्रत्येक गाडीमालकाला ठाऊक असायला हवे.

सोडणे सोपे, आणणे कठीण

प्रवाशाला सोडणे आणि प्रवाशाला घेऊन येणे ही दोन कामे बाहेरून सारखी दिसतात. धंद्याच्या दृष्टीने ती अगदी निराळी आहेत. सोडताना वेळ गाडीवाल्याच्या हातात असते. गाडी दाराशी लागली, डिकी उघडली, सामान उतरले, सलाम-दुआ झाली, गाडी निघाली. मुंबईत वरच्या मजल्यावर प्रवासी उतरवून थेट निघून जाणाऱ्या गाडीला त्यासाठी पैसे पडत नाहीत. मुलाला परदेशी पाठवताना मागे दोन गाड्या भरून माणसे आली आणि सर्वांना शेवटपर्यंत थांबायचे असले, की मात्र गाड्या वाहनतळात न्याव्या लागतात आणि घड्याळ सुरू होते.

आणण्याचे काम याच्या उलट. विमान किती वाजता उतरले हे फोनवर दिसते, पण माणूस किती वाजता बाहेर येणार हे कोणीच सांगू शकत नाही. विमानातून उतरायचे, पारपत्राच्या रांगेत उभे राहायचे, पट्ट्यावर सामान येण्याची वाट पाहायची, मग कस्टम्स. आखातातून येणाऱ्याबरोबर दोरीने बांधलेले खोके असतात, त्यांतले एखादे शेवटच्या फेरीत येते. कधी ही सगळी वाट पाऊण तासात संपते, कधी दोन तास लागतात. हाजींचे विमान असेल तर परतल्यावर झमझमचा पाच लिटरचा डबा मिळण्यासाठीही थांबावे लागते, आणि त्यांतले निम्मे लोक साठीच्या पुढचे असतात.

या साऱ्या वेळात गाडीवाल्याचा दोष काही नसतो आणि त्यावर त्याचा ताबाही नसतो. तरी मीटर त्याच्या नावावर चालते. आमच्या मते सगळ्या प्रश्नाचे मूळ येथे आहे. एकाच्या हाती नसलेल्या वेळेची किंमत त्याच्याकडून घेतली जाते.

बेंगळुरूत काय झाले

या बाबतीत देशात सर्वांत जास्त गाजलेले प्रकरण बेंगळुरूच्या केंपेगौडा विमानतळाचे आहे. मे २०२४ मध्ये तेथील चालकांना अचानक कळले, की प्रवासी घेण्यासाठी दारासमोरच्या रस्त्यावर येणाऱ्या गाडीला शुल्क लागेल. भाड्याच्या, म्हणजे पिवळ्या पाटीच्या मोटारीला पहिल्या ७ मिनिटांसाठी रु. २२५ आणि ७ ते १४ मिनिटांसाठी रु. ४५०. त्याहून जास्त थांबल्यास गाडी उचलून नेण्याची ताकीद. कारण सांगितले गेले ते गर्दीचे. गाड्या दारात रेंगाळतात, मागे रांगा लागतात.

गाडीवाल्याच्या भाषेत हा हिशेब मांडून पाहा. ७ मिनिटांचे रु. २२५ म्हणजे मिनिटाला ३२ रुपयांच्या वर. तुलनेसाठी सांगतो, मुंबईत १ फेब्रुवारी २०२५ पासून काळी-पिवळी टॅक्सीचे किमान भाडे रु. ३१ आहे आणि त्यात दीड किलोमीटर अंतर कापायचे असते. म्हणजे बेंगळुरूच्या दारात एक मिनिट उभे राहण्याची किंमत मुंबईत दीड किलोमीटर टॅक्सी चालवून मिळणाऱ्या पैशांएवढी.

चालकांनी लगेच विरोध केला आणि काही दिवसांतच हे शुल्क मागे घेण्यात आले. ते परत का घेतले गेले, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. अर्ज-विनंत्यांना वेळच नव्हता. चालक एकत्र होते, त्यांच्या संघटना जागच्या जागी बोलल्या आणि प्रवासीही त्यांच्या बाजूने बोलले. एकेकट्या गाडीवाल्याने बूथवरच्या पोऱ्याशी हुज्जत घातली असती तर मागे फक्त हॉर्न वाजले असते.

पण गोष्ट तेथे संपली नाही. डिसेंबर २०२५ मध्ये त्याच विमानतळावर नवी व्यवस्था आली. ती अधिक विचारपूर्वक केलेली आहे, हे आम्ही मान्य करतो. खासगी मोटारीला दारासमोर पहिली ८ मिनिटे फुकट, ८ ते १३ मिनिटांसाठी रु. १५०, १३ ते १८ मिनिटांसाठी रु. ३००, आणि १८ मिनिटांच्या पुढे गाडी उचलून पोलीस ठाण्यात, खर्च मालकाचा. पिवळ्या पाटीच्या गाड्यांना मात्र दारापासून दूर, ठरावीक वाहनतळात पाठवण्यात आले, तेथे पहिली १० मिनिटे फुकट. चालकांनी याविरुद्धही आवाज उठवला. त्यांचे म्हणणे साधे होते. खासगी गाडी दारात उभी राहणार, आणि ज्याने परवान्याचे, विम्याचे, योग्यता प्रमाणपत्राचे पैसे भरले त्या भाड्याच्या गाडीपर्यंत प्रवाशाने सामान ओढत चालत जायचे. मग उद्या ओळखीच्या माणसाची पांढऱ्या पाटीची गाडी बोलावण्याची सवय प्रवाशाला लागली तर दोष कोणाला द्यायचा?

नियम कागदावर योग्य असला तरी त्याचा भार कोणावर पडतो हे वेगळे पाहावे लागते, ते यासाठीच.

लंडनचा धडा

हे सारे आपल्याकडे पोहोचण्याआधी ब्रिटनमध्ये घडले आहे आणि बरेच पुढे गेले आहे. तेथे मिनी-कॅब चालवणाऱ्यांत पाकिस्तानी, बांगलादेशी आणि हिंदुस्थानी मुसलमान मोठ्या संख्येने आहेत. त्यामुळे या गोष्टीचे आपल्याशी नाते लांबचे नाही.

तेथे शुल्क थांबण्याचे नाही, नुसते सोडण्याचे आहे. लंडनच्या हीथ्रो विमानतळावर १ नोव्हेंबर २०२१ पासून टर्मिनलच्या दारात प्रवासी उतरवणाऱ्या प्रत्येक गाडीला ५ पौंड लावण्यात आले. जानेवारी २०२५ पासून ६ पौंड झाले, जानेवारी २०२६ पासून ७ पौंड आणि सोबत १० मिनिटांची मर्यादा. गॅटविक विमानतळाने जानेवारी २०२६ पासून थेट १० पौंड केले. सात पौंड म्हणजे आपले आठशे रुपयांच्या वर, तेही बॅग उतरवण्यापुरते.

आणखी एक गोष्ट तेथून शिकण्यासारखी आहे. हीथ्रोच्या दारात ना नाका आहे, ना पैसे घेणारा माणूस. कॅमेरा गाडीची पाटी वाचतो. पैसे नंतर फोनवर किंवा संगणकावरून भरायचे, मुदत दुसऱ्या दिवसाच्या मध्यरात्रीपर्यंत. विसरलात तर ८० पौंडांची नोटीस घरी येते, १४ दिवसांत भरल्यास निम्मी. सात पौंडांचे ऐंशी होण्यासाठी फक्त विसरभोळेपणा पुरतो. आपल्याकडेही काही विमानतळांवर पार्किंगचे पैसे फास्टॅगमधून आपोआप कापले जातात. गाडी थांबत नाही, पावती हातात पडत नाही, किती कापले हे रात्री उशिरा संदेश पाहिल्यावर कळते. सोय आहे, नाही असे नाही. पण ज्याला दिवसाच्या शेवटी प्रवाशाकडून हिशेबाने पैसे घ्यायचे असतात, त्याला हातातली पावती हवी असते.

लंडनच्या व्यवस्थेची एक जमेची बाजू मात्र प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. हीथ्रोवर दूरच्या वाहनतळात प्रवाशाला फुकट सोडता येते आणि तेथून टर्मिनलपर्यंत फुकट बस जाते. अपंगांसाठीचा बिल्ला असलेल्यांना आधी नोंद केल्यास शुल्क माफ आहे. आणि लंडनच्या काळ्या टॅक्सीवाल्याला हे शुल्क भाड्याच्या दरपत्रकानुसार मीटरच्या रकमेवर वेगळे घेण्याची मुभा आहे. म्हणजे शुल्क भारी असले तरी ते कोणी द्यायचे याचा वाद दारात होत नाही. सरकारी दरपत्रकानेच तो मिटवला आहे.

विमान उभे करण्याचा दर ठरतो, मोटारीचा नाही

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. आपल्याकडे हे दर ठरवतो कोण?

१ एप्रिल १९९५ रोजी भारतीय विमानतळ प्राधिकरण स्थापन झाले तेव्हा देशातील विमानतळ सरकारच्या हाती होते. गाड्यांच्या पार्किंगचा ठेका दिला जाई. जो जास्त बोली लावेल त्याला ठेका, आणि मग त्या बोलीची भरपाई तो गाड्यांकडून करणार, हा सरळ व्यवहार. २००६ साली मुंबईचा विमानतळ खासगी भागीदारीत गेला. कराराने कंपनीने आपल्या महसुलातील ३८.७ टक्के हिस्सा प्राधिकरणाला द्यायचा ठरला. जुलै २०२१ मध्ये कंपनीची सूत्रे अदानी समूहाकडे गेली. प्राधिकरणाची २६ टक्के भागीदारी कायम आहे.

विमानतळ एका शहरात एकच, त्याला स्पर्धा नाही. त्यामुळे दरांवर लगाम हवा म्हणून संसदेने २००८ साली कायदा करून विमानतळ आर्थिक नियामक प्राधिकरण नेमले. वर्षाला ३५ लाखांहून जास्त प्रवासी असलेले विमानतळ त्याच्या कक्षेत येतात. कोणकोणते दर हे प्राधिकरण ठरवते? विमान उतरण्याचा, विमान उभे करण्याचा, मालवाहतुकीच्या सुविधेचा, इंधन पुरवण्याच्या सेवेचा, आणि प्रवाशाच्या तिकिटात धरले जाणारे विकास शुल्क. हे ठरवण्यापूर्वी प्राधिकरण सल्लामसलतीचा मसुदा प्रसिद्ध करते, विमान कंपन्या, प्रवाशांच्या संघटना, मालवाहतूकदार आपले म्हणणे मांडतात, मग आदेश निघतो. आदेश पटला नाही तर अपील करता येते. मे २०२५ मध्ये मुंबईसाठी असाच आदेश निघाला. त्यात परदेशी जाणाऱ्या साध्या वर्गाच्या प्रवाशाचे विकास शुल्क रु. १८७ वरून रु. ६१५ झाले आणि विमान कंपन्यांचे उतरण्याचे व विमान उभे करण्याचे दर सुमारे ३५ टक्क्यांनी खाली आले. हा आदेश कोणाला पटो न पटो, तो खुलेपणाने, आकडे मांडून झाला.

मोटारीच्या पार्किंगचे काय? ते या यादीत नाही. दुकाने, जाहिराती, खाद्यपदार्थ यांच्याबरोबर मोटारींचे पार्किंगही 'बिगर-वैमानिक' उत्पन्नात मोडते आणि त्याचा दर हे प्राधिकरण ठरवत नाही. विमान उभे करायला किती पैसे घ्यायचे यावर दिल्लीत सुनावणी होते. मोटार उभी करायला किती घ्यायचे याची पाटी एका सकाळी बदललेली दिसते.

यात एक गंमतही आहे, आणि ती गाडीवाल्यांनी समजून घेण्यासारखी आहे. दरांच्या आकडेमोडीत बिगर-वैमानिक उत्पन्नातील ३० टक्के रक्कम वैमानिक खर्चातून वजा केली जाते, जेणेकरून विमान कंपन्या आणि प्रवासी यांच्यावरचा बोजा हलका व्हावा. म्हणजे वाहनतळात जमा होणाऱ्या उत्पन्नाचा एक वाटा हिशेबाने विमानाचे भाडे कमी करण्याच्या कामी येतो. ज्याच्या कमाईतून हा वाटा निघतो, त्या टॅक्सीवाल्याला त्या सुनावणीत कोणी बोलावत नाही. पार्किंगच्या रकमेवर १८ टक्के जीएसटी लागतो, तो आणखी वेगळा.

दुकानाशी पार्किंगची तुलना आम्हाला मुळीच पटत नाही. विमानतळावरचा चहा महाग वाटला तर माणूस तहान मारून बाहेर येतो. दुबईहून उतरलेल्या माणसाला घ्यायला आलेली गाडी 'मला नको तुमचे पार्किंग' म्हणून कुठे जाणार? ज्या वस्तूला पर्याय नाही तिचा भाव बाजारावर सोडता येत नाही, हे भाव ठरवणारे सरकारी लोक एरवी चांगलेच जाणतात.

रस्त्याच्या टोलशी तुलना करून पाहू. मुंबईच्या पाच प्रवेशद्वारांवर हलक्या वाहनांना रु. ४५ टोल होता. तो सरकारने अधिसूचनेने लावलेला होता, म्हणून लोक सरकारला जाब विचारू शकले, वर्षानुवर्षे आंदोलने झाली आणि १४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्रीपासून हलक्या वाहनांचा टोल माफ झाला. वाशी किंवा ऐरोलीच्या नाक्यावर ४५ रुपये वाचले याचा आनंद आहेच. पण तीच गाडी पुढे विमानतळात शिरल्यावर जे देते त्याबद्दल जाब कोणाला विचारायचा, हे चालकाला माहीत नाही.

एका फेरीचा हिशेब

आता थोडे घरचे बोलू. समजा श्रीवर्धनच्या बाजूने एका मालकाने विमानतळावरून माणसे आणण्याचे भाडे रु. ७,००० ठरवले. इंधन, चालकाचा रोज, जेवण, टायर-तेलाची झीज आणि कर्जाच्या हप्त्याचा त्या दिवसाचा भाग जाऊन त्याच्या हाती रु. १,५०० उरतात असे धरू. हे आकडे आम्ही समजण्यासाठी घेतले आहेत, ज्याने त्याने आपले घालून पाहावेत. विमान उशिरा आले, सामान उशिरा आले आणि वाहनतळाची पावती रु. ५०० ची झाली. भाडे ठरवताना त्याचा उल्लेख झाला नव्हता. प्रवासी म्हणतो, 'सात हजार ठरले होते.' चालक म्हणतो, 'पार्किंग वेगळे असते.' प्रवासी तीन वर्षांनी घरी येतो आहे, सोबत अब्बा-अम्मी आहेत, अशा वेळी चालकाला जास्त ताणता येत नाही. मालकाच्या नफ्यातला तिसरा हिस्सा गेला. महिन्यात अशी सहा भाडी झाली तर रु. ३,००० गेले. एवढ्यात गाडीच्या विम्याचा महिन्याचा भाग निघू शकतो.

भाव ठरवताना संकोच करायचा आणि मग मनात कुढायचे, ही आपल्या लोकांची खोड आहे. भाड्याचा करार हा करार आहे. जे घ्यायचे ते आधी बोलून घ्यावे, त्यात लाजण्यासारखे काही नाही. न बोलता मागणे हेच उलट वादाचे मूळ आहे. फोनवर भाडे ठरताना एक वाक्य पुरते: 'पार्किंग पावतीप्रमाणे वेगळे.' दोन ओळींचा संदेश पाठवून ठेवला तर आणखी चांगले. पावती प्रवाशाच्या हाती द्यावी, म्हणजे पावती चारशेची आणि मागणी सहाशेची, असा संशय राहत नाही. असा संशय येण्यासारखे काही चालक वागतात, हेही खरे आहे, आणि त्यांच्यामुळे बाकीच्यांचे बोलणे हलके होते.

वाहनतळात शिरण्याची घाई हा दुसरा दोष. विमान उतरल्याचे फोनवर दिसले, की चालक आत घुसतो. पहिला तास तेथेच जातो. प्रवाशाने सामान हाती आल्यावर फोन करावा आणि गाडीने तेव्हा आत यावे, हे दोघांच्या फायद्याचे. अडचण अशी, की आखातातून आलेल्याचे तिकडचे सिमकार्ड इकडे चालेलच असे नाही, आणि विमानतळाच्या वाय-फायसाठी बहुधा फोनवर येणारा आकडा लागतो. म्हणून येणाऱ्याला निघण्यापूर्वीच भेटीची जागा सांगून ठेवावी: कोणता मजला, कोणता खांब, कोणते दार. वयस्कर माणूस एकटा येत असेल तर पैसे वाचवण्यासाठी बाहेर थांबू नये, एक माणूस आत उभा करावा. तेथे मिनिटे मोजण्यात अर्थ नाही.

पावतीवरची आत येण्याची वेळ बूथवरच वाचून घ्यावी. बाहेर पडायला रांग असेल तर रांगेतला वेळही पार्किंगमध्ये धरला जातो आणि नेमका त्यातच पुढचा टप्पा लागतो. अशा वेळी रांगेत लागल्याची वेळ दिसेल असा फोटो काढून ठेवावा. बूथवर भांडून काही मिळत नाही, तो पोरगा पगारी आहे. तक्रार नागरी हवाई मंत्रालयाच्या एअरसेवा व्यवस्थेवर किंवा राष्ट्रीय ग्राहक मदत क्रमांक १९१५ वर नोंदवता येते. शंभर रुपयांसाठी कोण तक्रार करतो, असे सगळे म्हणतात. पण शंभर गाडीवाल्यांच्या शंभर तक्रारी नोंदलेल्या असल्या, तर उद्या संघटनेला बोलताना हातात कागद असतो.

माल घेऊन जाणाऱ्यांसाठी एक शब्द. कोकणचा आंबा, धारावीचा चामडी माल किंवा कपडा सहारच्या कार्गो संकुलात पोहोचवणाऱ्या टेम्पोवाल्यांचा प्रश्न याच जातीचा आहे. मालवाहतुकीच्या सुविधेचे दर नियामक प्राधिकरणाच्या कक्षेत आहेत, ते छापील मिळतात आणि व्यापाऱ्याने ते मागून घ्यावेत. बाहेर ताटकळणाऱ्या टेम्पोचा खर्च मात्र कोणाच्याच कक्षेत नाही. तो टेम्पोवाला सोसतो किंवा शेवटी कारागिराच्या दरातून कापला जातो. व्यापाऱ्यांनी टेम्पोचे भाडे ठरवताना थांबण्याचे तास वेगळे धरले, तर या दोघांवरचा बोजा हलका होईल.

काय मागायचे

शुल्कच नको, अशी मागणी आम्ही करणार नाही. दारात कोणी तासभर गाडी लावून बसू नये, हे व्यवस्थेच्या आणि सुरक्षेच्या दृष्टीने बरोबरच आहे. गर्दी ही खरी अडचण आहे, बहाणा नव्हे. पण गर्दी कमी करायची असेल तर गाड्यांना थांबायला जागा हवी. आतल्या मार्गापासून दूर, कमी दराचे, संडास-पाण्याची सोय असलेले आणि नमाजापुरती स्वच्छ जागा असलेले थांबे केले, तर चालक आपण होऊन तेथे थांबेल आणि प्रवाशाचा फोन आल्यावरच आत येईल. रात्री दोनचे विमान गाठायला संध्याकाळी निघालेला चालक माणूस आहे, हे दर ठरवणाऱ्यांच्या ध्यानात राहत नाही. दर बदलायचा असेल तर महिनाभर आधी जाहीर करावा. पाटी आत शिरण्यापूर्वी, गाडी वळवता येईल अशा ठिकाणी आणि मराठीतही असावी. भाड्याच्या गाडीला खासगी गाडीपेक्षा कमी मिनिटे किंवा लांबची जागा देऊ नये. आणि टॅक्सीच्या सरकारी दरपत्रकात विमानतळाचे शुल्क प्रवाशाकडून वेगळे घ्यावे, असे स्पष्ट लिहावे.

ही बोलणी सुरू करण्याची एक जागा सध्या आपल्या अगदी जवळ आहे. नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि २५ डिसेंबर २०२५ पासून तेथून विमाने उडू लागली. रायगड-रत्नागिरीच्या गाडीवाल्यासाठी हा विमानतळ पनवेललगत, मुंबई-गोवा रस्त्याच्या वाटेवर आहे. ज्या मार्गांची विमाने तेथे येतील त्यांच्यासाठी मुंबईची गर्दी ओलांडण्याची गरज उरणार नाही. नव्या जागी सवयी अजून पडायच्या आहेत: गाड्या कुठे थांबतील, किती मिनिटे फुकट मिळतील, भाड्याच्या गाडीला कोणते दार. एकदा पडलेली सवय मोडणे किती कठीण असते, हे बेंगळुरूच्या चालकांनी पाहिले आहे. दुसरे असे, की या विमानतळात ७४ टक्के भाग अदानी समूहाचा असला तरी २६ टक्के भाग सिडकोचा, म्हणजे महाराष्ट्र सरकारच्या महामंडळाचा आहे. तेव्हा येथील पार्किंगविषयी आपल्या आमदाराला विचारले तर 'तो खासगी कंपनीचा विषय' असे सांगून त्याला मोकळे होता येणार नाही. महाड, म्हसळा, श्रीवर्धन आणि खेडच्या गाडीमालकांनी एकत्र बसून, आपल्या सहा महिन्यांच्या पावत्या जोडून, सिडकोला एक अर्ज द्यावा. अर्जाची एक प्रत जिल्हाधिकाऱ्यांना आणि एक परिवहन कार्यालयाला जावी, आणि तिन्ही ठिकाणी पोच घेतल्याशिवाय परतू नये.